रिपोर्टमध्ये ‘हाय’, अंगात मात्र कमी : थायरॉईड मंदावतो तेव्हा

मागच्या पावसाळ्यात दुपारच्या निवांत वेळी एक काकू दुकानात आल्या आणि त्यांनी लॅबचा कागद काउंटरवर पसरला. टीएसएच १४.६. आकडा ठळक, पुढे ‘हाय’ असा शेरा. “मागच्या वेळी आठ होता, वाढलेला. म्हणून मी गोळी अर्धी केली. तरी बघ की गं, आणखीनच वाढला!”

मी सोळा वर्षं मेडिकल चालवतेय. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता हसूही येत नाही आणि रागही येत नाही. काकूंचं तर्कशास्त्र अगदी सरळ होतं. साखर वाढली तर गोड कमी करायचं, बीपी वाढलं तर मीठ कमी करायचं, मग थायरॉईड वाढला तर थायरॉईडची गोळी कमी! पण हा एक रिपोर्ट उलटा वाचायचा असतो, आणि ते कोणी बसून सांगत नाही.

मी काकूंना जे सांगितलं तेच इथे सांगते. सकाळी आई मुलाला उठवते. पहिली हाक हळू असते. मूल उठलं की आई गप्प. नाही उठलं की आवाज चढतो, मग आणखी चढतो, शेवटी शेजारच्या बिऱ्हाडातही ऐकू जातं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी म्हणजे ते मूल. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, ती आई. आणि टीएसएच म्हणजे आईची हाक. लॅब मुलाला बघत नाही, शेजारी बसून आईचा आवाज मोजते. आवाज चढला, याचा अर्थ मूल उठत नाहीये. टीएसएच वाढला, याचा अर्थ थायरॉईड कमी पडतोय.

बहुतेक लॅब ०.४ ते ४.५ च्या आसपासचा आवाज घरगुती मानतात, लॅबनुसार थोडं इकडेतिकडे. काकूंनी गोळी अर्धी केली म्हणजे मुलाला आणखी पांघरूण घातलं. मग आई ओरडणारच.

क्वचित असंही होतं की आईचाच घसा बसलेला असतो. पीयूषिकाच आजारी असली तर मूल झोपलेलं असूनही हाक ऐकू येत नाही आणि टीएसएच निर्धोक दिसतो. म्हणून शंका असेल तेव्हा डॉक्टर सोबत फ्री टी-फोर करायला सांगतात. ती तपासणी मुलाकडे थेट बघते.

मूल करतं तरी काय?

मराठी पुस्तकात हिला अवटू ग्रंथी म्हणतात, बोलताना कोणी म्हणत नाही. कंठाच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी, साधारण वीस ग्रॅमची. तिचं काम एकच: अंगातल्या चुलीची आच ठरवणं. टी-फोर आणि टी-थ्री ही तिची दोन संप्रेरकं. नावातले आकडे म्हणजे त्यातले आयोडीनचे अणू. टी-फोर हा साठ्याचा माल. शरीर त्यातला एक अणू काढून त्याचं टी-थ्री करतं, आणि पेशींमध्ये खरं काम टी-थ्री करतं.

ही आच मंद झाली की सगळंच मंदावतं, पण एकदम नाही. वर्ष-दोन वर्षं हळूहळू. म्हणून कळत नाही. मे महिन्यात नवरा घामाने निथळत असताना बायको पंखा कमी करायला सांगते. पोट साफ होत नाही. नाडी संथ चालते. आवाज जाडसर होतो, फोनवर लोक विचारतात, सर्दी झालीय का. कातडी कोरडी, केस कंगव्यात, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. पाळीत अंगावर जास्त जातं. हाताला मुंग्या येतात. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघतं आणि त्याचं खापर तुपावर फुटतं. मन उदास होतं, शब्द आठवत नाहीत. आणि या सगळ्यावर घरात एकच निदान होतं: “आता वय झालं.”

अडचण अशी की यातलं एकेक लक्षण कोणालाही असू शकतं. दमायला रक्त कमी असणं पुरतं, पाच तासांची झोपही पुरते. त्यामुळे लक्षणांवरून आजार ठरत नाही, रक्ताच्या तपासणीवरून ठरतो.

वजनाचं बोलायलाच हवं, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त प्रश्न त्याचे. थायरॉईड मंदावल्याने वजन वाढतं, पण सहसा दोन-चार किलो, आणि त्यातही बराच भाग अंगात धरून ठेवलेल्या पाण्या-मिठाचा. पंधरा किलो वाढले असतील तर सगळं त्या वीस ग्रॅमच्या ग्रंथीवर ढकलता येत नाही. हे ऐकून गिऱ्हाईक नाराज होतं, मला माहीत आहे. आणखी एक गोष्ट तोडून सांगते: वजन उतरावं म्हणून गोळी स्वतःच्या मनाने वाढवणं हा शुद्ध आगीशी खेळ आहे. जादा डोसने छाती धडधडते, हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात. पाळी गेलेल्या बायकांना तर हे फार महागात पडतं.

मूल उठत का नाही?

आपल्याकडे आता बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच असतं. शरीराचं संरक्षण करणारी फौज चुकून आपल्याच ग्रंथीवर चालून जाते. १९१२ मध्ये हाशिमोतो हाकारू या तरुण जपानी डॉक्टरने अशा ग्रंथीचं वर्णन पहिल्यांदा छापलं, म्हणून याला हाशिमोतोचा आजार म्हणतात. रिपोर्टात ‘अँटी टीपीओ’ वाढलेलं दिसतं ते या फौजेच्या खुणा. बायकांत हे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं आणि घराण्यात चालत येतं. आईला असेल तर मुलीने एकदा तपासून घ्यावं. याशिवाय थायरॉईडचं ऑपरेशन झालेलं असणं, किरणोत्सारी आयोडीन घेतलेलं असणं, मनाच्या आजारावरचं लिथियम किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन यांसारखी औषधं, ही कारणं. बाळंतपणानंतरच्या वर्षात काहींचा थायरॉईड काही महिने बिघडतो आणि आपला आपण सावरतोही.

मग आयोडीनचं काय? ते शाळेतलं चित्र, गळ्याला मोठी गाठ असलेल्या बाईचं? ते खोटं नव्हतं. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड घरोघरी होता. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून मिठात आयोडीन घालून पाहिलं, गाठी कमी झाल्या, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज पुडीतल्या मिठात घरी पोचेपर्यंत दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असायला हवं, असा नियम आहे.

पण हाशिमोतोत आयोडीन कमी नसतं, ग्रंथी जखमी असते. जास्त मीठ खाऊन ती बरी होत नाही. उलट आयोडीनचा मारा केला तर आणखी बिघडू शकते. समुद्री शेवाळाच्या गोळ्या ऑनलाइन मागवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आणि दुसऱ्या टोकाला, हल्ली घरातलं साधं मीठ हद्दपार करून फक्त सैंधव वापरायची फॅशन आली आहे. सैंधवात पुरेसं आयोडीन असेलच असं नाही, पुडीवर तसं लिहिलेलं असेल तरच धरावं. विशेषतः घरात गरोदर सून असेल तर रोजच्या स्वयंपाकाला साधं आयोडीनयुक्त मीठच बरं.

आता, आकडा थोडा वर गेला की लगेच गोळी का? नाही. टीएसएच सहा-सात आणि फ्री टी-फोर व्यवस्थित, असं असेल तर बऱ्याचदा डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, आणि अनेकांचा आकडा खाली आलेला असतो. दहाच्या वर टिकून राहिला तर सहसा उपचार करतात. दहाच्या आतलं प्रकरण माणूस बघून ठरतं: मूल हवंय का, अँटी टीपीओ आहे का, हृदयाचं काही आहे का, त्रास किती आहे. वयस्कर माणसांचा टीएसएच थोडा वर सरकतो, ते वयाला धरूनच असतं. युरोपात ६५ वर्षांपुढच्या लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले. आकडा किंचित वाढलेल्यांना गोळी दिली काय आणि तशीच दिसणारी, आत औषध नसलेली गोळी दिली काय, थकव्यात फरक पडला नाही. म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना टीएसएच ६.२ असताना डॉक्टर गोळी देत नसतील तर ते दुर्लक्ष करत नाहीयेत. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांना मी पाणी देऊन बसवते.

दिवस गेले असतील तर

इथे मात्र गंमत नाही. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी गरोदरपणाच्या मध्यापर्यंत पुरेसं काम करत नाही. तोवर बाळाच्या मेंदूला लागणारं टी-फोर आईकडून जातं. म्हणजे आईला स्वतःपुरतं आणि बाळापुरतं असं दुहेरी हवं. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईचा डोस दिवस गेल्याबरोबर साधारण पाव हिश्श्याने वाढवावा लागतो. पुष्कळ डॉक्टर आधीच सांगून ठेवतात की चाचणी पॉझिटिव्ह आली की आठवड्यातून दोन गोळ्या जादा घे आणि मला फोन कर. त्यानंतर दर चार आठवड्यांनी रक्त तपासायचं, निदान पहिले पाच महिने.

आणि घरात काय होतं? “पोटुशी आहे, उगाच गोळ्या नकोत” म्हणून हीच गोळी पहिली बंद होते. ही गोळी म्हणजे परकं रसायन नव्हे. अंगात जे बनायला हवं होतं, हुबेहूब तेच. बाळाला अंगावर पाजतानाही चालते.

दुसरा घोळ आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा. त्या हव्यातच. पण थायरॉईडच्या गोळीबरोबर पोटात गेल्या तर तिला धरून ठेवतात आणि ती रक्तात उतरतच नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. मी चिठ्ठीवर लिहून देते: थायरॉईड उठल्या उठल्या, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री.

जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच तपासतात, ती तपासणी मागून घ्या. जन्मतःच ग्रंथी नसलेलं किंवा ती दुबळी असलेलं बाळ दिसायला अगदी छान असतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखंच वाढतं. उशीर झाला तर बुद्धीचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही.

मेंढीपासून डबीपर्यंत

“गोळी शाकाहारी आहे ना?” हा प्रश्न श्रावणात हमखास येतो. आज आहे, म्हणजे त्यातलं थायरॉक्सिन कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनतं. पण सुरुवात मेंढीपासून झाली. १८९१ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरने, सुजून मंद झालेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती उठून कामाला लागली आणि पुढे २८ वर्षं जगली. तेवढ्या वर्षांत तिच्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले आणि १९२७ मध्ये ब्रिटनमध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं. आज त्या ८७० मेंढ्यांची जागा आमच्या कपाटातल्या मुठीत मावणाऱ्या डबीने घेतली आहे. नावं वेगवेगळी, थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स, आतलं औषध एकच: लिव्होथायरॉक्सिन. तरी चालू असलेला ब्रँड विनाकारण बदलू नये, आणि बदललाच तर सहा आठवड्यांनी रक्त तपासावं.

डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, आणि तो किती सूक्ष्म असतो हे एकदा कळलं की बाकीचे नियम आपोआप पटतात. एक ग्रॅम थायरॉक्सिनमधून ५० मायक्रोग्रॅमच्या वीस हजार गोळ्या होतात. एका माणसाला रोज एक धरली तर चोपन्न वर्षं पुरतील. इतक्या कमी औषधातलं थोडंसं जरी चहाने अडवलं तर फरक पडणारच. ग्रंथी पूर्ण बंद पडली असेल तर दर किलो वजनाला साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास. ग्रंथी थोडी चालू असेल तर कमी. हृदयरोग असलेल्यांना आणि म्हाताऱ्यांना १२.५ किंवा २५ पासून हळूहळू चढवतात. इथे एक सावधानता: १२.५ आणि १२५ मध्ये फरक एका टिंबाचा आहे. डबी घेतल्यावर चिठ्ठीशी ताडून बघा, आम्हीही माणसंच आहोत.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहासुद्धा नाही. महाराष्ट्रात हाच नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण आपली सकाळ चहाने उजाडते. ज्यांना जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्यावी, जेवणानंतर किमान तीन तासांनी. रमझानमध्ये बरेच जण असंच करतात. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यांनीही शोषण कमी होतं.

उपवासाला चालते का? चालते, पाण्याचा घोट चालत असेल तर काहीच अडचण नाही. हरितालिकेचा निर्जळी उपवास करणाऱ्यांनीही घाबरू नये, आदल्या रात्री उशिरा घेतली तरी जमतं. या औषधाचा अर्धा साठा अंगातून जायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एखादा दिवस चुकला तर आकाश कोसळत नाही. आठवलं की घ्या. पण याच कारणाने चढलेला डोस लगेच जाणवतही नाही. आठ दिवसांत “काही फरक नाही” म्हणून परत येऊ नका. आईचा आवाज खाली यायला सहा आठवडे लागतात. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी, आणि आकडा स्थिरावला की सहा-बारा महिन्यांतून एकदा.

तपासणीला उपाशी जायची सक्ती नाही, पण टीएसएच दिवसभरात वरखाली होतो म्हणून दरवेळी सकाळी, शक्यतो त्याच लॅबमध्ये जावं आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी थांबवा. त्या लॅबच्या यंत्राला फसवतात आणि टीएसएच खोटा कमी दाखवतात.

खाण्याबद्दल थोडक्यात: कोबी, फ्लॉवर, मुळा शिजवून, बेताने खुशाल खा. त्यांना घरातून बाहेर काढायचं काही कारण नाही. धन्याचं पाणी प्यायचं तर गोळीनंतर तासाने प्या, नुकसान नाही, पण गोळीची जागा ते घेणार नाही. कपालभातीने मन हलकं होईल, मेलेल्या पेशी उठणार नाहीत. अश्वगंधा घेत असाल तर मात्र डॉक्टरांना सांगा, तिचा थायरॉईडच्या आकड्यांवर परिणाम होऊ शकतो.

“पण एकदा लागली की सुटत नाही ना?” बहुतेकांची सुटत नाही, खरं आहे. ते व्यसन नव्हे, ग्रंथी परत उगवत नाही म्हणून. आकडा नॉर्मल आला म्हणजे आजार गेला असं नाही, गोळी पोचतेय एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मनाने बंद केली आणि घरातलं म्हातारं माणूस थंडीत गार पडलं, फार गुंगीत गेलं, श्वास संथ झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आषाढीच्या आधी वारीला निघालेल्या एका आजींनी वीस गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून मागितल्या होत्या. मी अख्खी डबीच दिली. उजेड, दमट हवा आणि उष्णता, तिन्ही या गोळीचे वैरी. पुडीत ठेवून पावसात चालल्या असत्या तर पंढरपूरला पोचेपर्यंत त्यात औषध किती उरलं असतं कोण जाणे.

त्यावरूनच काकूंना विचारलं होतं, डबी ठेवता कुठे? तर ओट्यावर, गॅसच्या शेजारच्या फळीवर, चहा-साखरेच्या डब्यांजवळ. वाफ, धग, आणि गोळी तोंडात टाकली की हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे. डॉक्टरांनी डोस पुन्हा पूर्ण केला, जागा आम्ही दोघींनी बदलली. आता डबी त्यांच्या उशाशी असते, तांब्या-भांड्याच्या बाजूला. पहाटे पाचला पाणी प्यायला उठतात तेव्हाच गोळी घेतात. चहा सहाला. दोन महिन्यांनी टीएसएच ३.२ आला, तो दाखवायला आल्या तेव्हा कागदाची घडीसुद्धा न उघडता म्हणाल्या, “तुझी ती आई गप्प बसली गं.”